लेकराचा वाढदिवस आणि एक दिवसाची सहल: आधी महिना, मग ठिकाण, मग शिदोरी

आमच्या घरात १ जूनला चार वाढदिवस येतात. सासू, सासरे, चुलत सासरे आणि मी. चौघांचीही खरी तारीख ही नव्हे. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी लेकराकडं एकदा बघून साल ठरवलं आणि पुढं १ जून लिहून टाकलं. मराठवाड्यात असं घर शोधावं लागत नाही. त्यामुळं खरी तारीख, वार, जन्माची वेळसुद्धा माहीत असलेली आमच्याकडची पहिली माणसं म्हणजे माझी दोन लेकरं, आणि त्यांच्या वाढदिवसाचं सगळ्यांना भारीच अप्रूप.

आम्ही जालन्यात राहतो. सुरुवातीला दोन वर्षं हॉल, फुगे, ऐंशी माणसांचं जेवण असं केलं. तिसऱ्या वर्षी लेक पाहुण्यांच्या गर्दीत रडून रडून झोपली आणि केक तिच्या मामानं कापला. तेव्हापासून सहल. पहिली सहलही फसलीच: एका दिवसात देवगिरी, भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर आणि बीबी का मकबरा. मकबऱ्याला पोचलो तेव्हा ती गाडीत गाढ झोपलेली. त्या दिवसाचं तिला आज एवढंच आठवतं, की खुलताबादला माकडानं तिचं केळं नेलं. तिथून पुढं जे शिकत गेले ते सांगते.

आधी महिना बघा

वाढदिवसाची तारीख आपल्या हातात नाही, आणि आपल्याकडचं ऊनही नाही. म्हणून "कुठं जायचं" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, लेकरू कोणत्या महिन्यातलं?

डिसेंबर ते फेब्रुवारीतलं असेल तर तुम्ही नशीबवान. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, कंधारचा किल्ला, सगळं चालतं. पैठणला नाथसागराच्या काठी या दिवसांत पाहुणे पक्षी उतरलेले असतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगोसुद्धा. दुर्बीण नसली तर शेजाऱ्याची मागून न्या, लेकरू तासभर जागचं हलत नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवून सांगते, स्वतःचं किंवा पाहुण्यारावळ्याचं शेत असेल तर हुरड्याइतका वाढदिवस कुठंच होत नाही. आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, गरम हुरडा हातावर चोळायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. तिथं लेकराला पळायला मोकळं रान असतं आणि "हात लावू नको" म्हणणारं कुणी नसतं. फक्त आगटीजवळ एक मोठं माणूस कायम बसवा. वरून राख दिसते, आत आर धगधगत असतो. लातूर-धाराशिवकडच्यांना तर वेगळं सांगायला नको. लेकराचा वाढदिवस येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात होणाऱ्या सणाच्या, आसपास येत असेल तर येळवशीलाच धरा. भज्जी, आंबील, उंडे तयार, सगळं गणगोत शेतात हजर, आणखी काय पाहिजे?

मार्च ते मेमधल्या लेकरांचं मात्र अवघड. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो आणि काळ्या दगडाचा किल्ला अकरा वाजता तव्यासारखा तापतो. या महिन्यांत सहल "दिवसभराची" करूच नका, तिचे दोन तुकडे करा. पहाटे निघून साडेदहाच्या आत घरात, आणि पुन्हा संध्याकाळी पाचनंतर बाहेर. संभाजीनगरची पाणचक्की यासाठी बरी: मोठा वड, पाण्याचा हौद, आणि लांबून मातीच्या नळातून आणलेल्या पाण्याच्या जोरावर दळण कसं दळायचे, हे सहा-सात वर्षांच्या लेकराला लगेच कळतं. म्हैसमाळ उंचावर असल्यानं सकाळी तिथं हवा जरा बरी असते. केशर आंब्याची बाग असलेला कुणी नातेवाईक असेल तर त्याच्याशी या काळात भांडू नये.

जून ते सप्टेंबर म्हणजे धबधब्यांचे महिने. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. नदी भरून वाहू लागली की बांधावरून पाण्याचे दोन लोट पडतात, तेच नर आणि मादी. बीडकडं कपिलधार आणि सौताडा, नांदेडकडं पैनगंगेवरचं सहस्रकुंड. पण ही ठिकाणं लांबून बघायची. लेकराला घेऊन पाण्यात उतरायचं नाही, शेवाळलेल्या दगडावर फोटोला उभं करायचं नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. आणि पाऊस पडलाच नाही तर? आपल्याकडं तेही होतं. निघण्याआधी त्या गावच्या ओळखीच्या माणसाला फोन करा: "पाणी पडतंय का हो?" मोबाईलवरचे व्हिडिओ बहुतेक मागच्या वर्षीचे असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगलेच, फक्त दिवाळीच्या सुट्टीत गर्दी फार.

वार कोणता येतो तेही बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे पाठ असूनही आम्ही एकदा मंगळवारी वेरूळच्या फाटकावरून परत आलो आहोत, कारण त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात "वाढदिवस" हा एकच वार होता. शाळेच्या दिवशी तारीख आली तर औक्षण त्या दिवशी करा, सहल शनिवारी किंवा रविवारी.

एकच ठिकाण

आपल्या लोकांना गाडीचं भाडं वसूल करायची फार सवय. "इतक्या लांब आलोच आहोत तर" हे वाक्य निघालं की समजा दिवस गेला. देवदर्शन, आत्याबाईंचं घर, मावशीच्या नव्या प्लॉटची पाहणी. यातलं प्रत्येक काम चांगलंच, पण त्यातलं एकही लेकराचं नाही. दहा वर्षांखालच्या लेकरासाठी एक ठिकाण, तिथं चार तास, आणि एका बाजूचा प्रवास जास्तीत जास्त अडीच तासांचा. यापेक्षा लांबचं ठिकाण मनात असेल तर ते मुक्कामी सहलीसाठी ठेवा.

देवगिरी की वेरूळ, असं लोक विचारतात. लेकरू आठच्या पुढचं आणि चालणारं असेल तर देवगिरी. खंदक, मेंढ्याचं तोंड असलेली तोफ, वटवाघळांचा वास भरलेला अंधारी मार्ग, असलं सगळं त्या वयाला हवंच असतं. पण वरपर्यंत सुमारे ७५० पायऱ्या आहेत. त्याहून लहान लेकरू, सोबत गुडघे धरून चालणारे आजी-आजोबा, तर वेरूळ. कैलास लेणं रस्त्याला लागूनच आहे, आजी अंगणात बसूनसुद्धा निम्मं बघू शकते.

निवडायचं असेल तर लेकरालाही विचारा, पण "कुठं जायचं?" असं मोकळं विचारू नका. उत्तर "समुद्र" येतं. दोन नावं सांगा, त्यातलं एक त्याला निवडू द्या.

माणसं आणि तिकिटं

लेकरामागं निदान दोन मोठी माणसं हवीत: एक त्याच्याबरोबर पळायला, एक पिशव्या राखायला. आजी-आजोबांना न्यावंच. आठ-दहाच्या पुढं माणसं गेली की मात्र सहलीची वरात होते. लेकराच्या दोस्तांपैकी एकच बोलवा, सगळा वर्ग नको. धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठीही लहानसं काहीतरी गुपचूप सोबत ठेवा, नाहीतर दुपारी दोनला भोंगा सुरू.

गाडी नसेल तर एसटीचा हिशोब करून बघा, आश्चर्य वाटेल. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, ५ ते १२ ला अर्धं. बायकांना अर्धं. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, फक्त आधारकार्ड जवळ पाहिजे. म्हणजे नवरा, बायको, सहा वर्षांची लेक आणि शहात्तरची आजी असे चौघं दोन पूर्ण तिकिटांत जातात. शाळेतल्या १ जूनचा आजीला झालेला हा एकमेव फायदा, कारण आधारवर तेच साल आहे. माणसं तीस-चाळीस जमत असतील तर आगारात प्रासंगिक करारावर आख्खी एसटी मिळते. पण मग ती वरात, हे वर सांगितलंच.

शिदोरी

हॉटेलात जेवायला माझी ना नाही, पण वाढदिवसाच्या दिवशी दुपारी दीड वाजता भुकेलेलं लेकरू घेऊन ऑर्डरची वाट बघण्यापेक्षा वाईट काही नाही. न्याहारी आणि दुपारचं जेवण घरचंच न्या.

दशम्या आदल्या रात्री करा. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवल्यानं त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आणि गुळाची दशमी लेकरू भाजीशिवाय खातं. धपाटे सकाळी करा. त्यात काकडी किंवा दुधीभोपळा किसून घातलात तर दुपारपर्यंत संपवा, पाणी सुटून ते लवकर विटतात. प्रवासाच्या धपाट्यात नुसता कांदा, कोथिंबीर, तीळ पुरे. सोबत शेंगदाण्याची चटणी, तळलेली मिरची मोठ्यांसाठी. दही न्यायचंच तर थंडीत न्या, उन्हाळ्यात गाडीतलं दही दोन तासांत आंबून डोळे दाखवतं. न्याहारीला सुशीला: भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांची, हळद-शेंगदाण्याची. डब्यात गार झाली तरी बिघडत नाही. बटाट्याची भाजी, भात, वरण असलं काही नेऊ नका. वाटी, चमचा, सांडणं, हात धुणं यातच सावली सरकते.

पाणी माणशी दोन लिटर धरा, उन्हाळ्यात तीन. मीठ-साखरेचं पाणी घरीच होतं: १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. लेकरू गप्प झालं, लघवीला गेलंच नाही, डोकं दुखतं म्हणालं, की सहल तिथंच थांबवून सावलीत बसवा आणि हे पाणी घोट घोट द्या. उलट्या होऊ लागल्या किंवा अंग फार तापलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन.

केकचं काय

क्रीमचा केक गाडीच्या डिकीतून नेला तर काय होतं ते मी मे महिन्यात बघितलंय. बेकरीवाल्यानं बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. डबा उघडला तेव्हा केकवरच्या मोटू-पतलूपैकी कोण कोण ते ओळखू येईना. आता आम्ही रव्याचा कोरडा केक कुकरात घरी करतो आणि त्यावर जेम्सच्या गोळ्यांनी आकडा काढतो. केक नकोच असेल तर संभाजीनगरची नानकटाई किंवा कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे. लेकराला फुंकायला मेणबत्ती आणि कापायला काहीतरी लागतं, ते क्रीमचंच असावं असं नाही.

केक लेण्यात किंवा किल्ल्यात कापायचा नाही, तिथं खाणं-पिणं चालत नाही. बाहेर झाडाखाली कापा. फसफसणारा स्नो स्प्रे तर आणूच नका, मेणबत्तीजवळ तो पेट घेतो. फुगे फुटले की तुकडे वेचा, जनावरं खातात. आणि खाण्याची पिशवी उघडताना आधी वर बघा. वेरूळ, देवगिरी, खुलताबाद, तिन्हीकडची माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. कापडी पिशवी न्या.

असा गेला वेरूळचा दिवस

लेक सहा वर्षांची झाली तेव्हाचा, डिसेंबरातला, आमच्या मते जमलेला दिवस सांगते. तुमच्या गावाप्रमाणं वेळा हलवा.

पहाटे पाचला उठून अंघोळ, नवे कपडे नाहीत, जुनेच पण आवडते. नवा फ्रॉक टोचतो, नवे बूट चावतात. ते संध्याकाळसाठी ठेवा. मग पाटावर बसवून औक्षण: कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी ओवाळणं. हे घरीच उरका. आजीला सहलीचं काहीही आवडलं नाही तरी एवढं झालं की ती दिवसभर खूश.

सहा वाजता निघालो. जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर, तिथून वेरूळ तीस. लेकरांना झोपेतच गाडीत घातलं असतं तरी चाललं असतं. वाटेत एकदा थांबून सुशीला आणि चहा. साडेआठला लेण्यांपाशी. मोठ्यांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना नाही. स्वच्छतागृह फाटकाजवळ आहे, आत शिरण्याआधी सगळ्यांना सक्तीनं पाठवा. "मला लागली नाही" यावर विश्वास ठेवू नका.

वेरूळला ३४ लेणी आहेत. सहा वर्षांच्या लेकराला तीन दाखवा.

पहिलं कैलास, म्हणजे सोळावं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. हे लेकराला सांगून उपयोग नाही. त्याला गोष्ट सांगा: एका राणीनं नवस केला, की देवळाचा कळस दिसेपर्यंत मी जेवणार नाही. आता पायापासून बांधायला घेतलं तर राणी उपाशी मरेल. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढं आला आणि म्हणाला, आधी कळसच करू. आणि डोंगर वरून खाली कोरत आणला. दंतकथा आहे, पण देऊळ खरोखरच वरून खाली कोरलंय, त्यामुळं गोष्ट दगडाशी जुळते. माझी लेक मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं, "मग राणीनं काय खाल्लं?" आजी म्हणाली, "दशमी." नंतर देवळाच्या पायाशी रांगेनं उभे असलेले हत्ती मोजायचा खेळ लावला. कैलास हलवणारा रावण शोधायला सांगितलं. पाऊण तास आम्हाला काहीच करावं लागलं नाही.

दुसरं दहावं लेणं. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, पण सगळा दगड. म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत हळू आवाजात एक "आ" लावू द्या, आवाज घुमतो. ओरडू मात्र देऊ नका, बाकीची माणसंही आलेली असतात.

तिसरं बत्तिसावं, जैन लेण्यांतलं. ती लेणी बाकीच्यांपासून दूर आहेत, चालायचा हट्ट नको, गाडीनं जा. तिथं अंबिका आंब्याच्या झाडाखाली बसली आहे. दगडातले आंबे शोधायला सांगा. सापडल्यावर जो चेहरा होतो त्याचा फोटो काढा, बाकी फोटो नाही काढले तरी चालेल.

एक गोष्ट मोठ्यांसाठी. कड्यांना मधमाश्यांची मोहोळं असतात. उग्र अत्तर, धूर, दगड भिरकावणं, यातलं काहीही नको. लेकराच्या खिशात बापाचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ते दिसेनासं झालं तर आधी सुरक्षारक्षकाला गाठा आणि ११२ लावा. सगळ्यांनी चार दिशांना पांगू नये, एकानं शेवटच्या जागी उभं राहावं.

साडेबाराला बाहेर. झाडाखाली सतरंजी, धपाटे, मग केक. दोन वाजेपर्यंत नुसतं लोळणं. आजोबांना घृष्णेश्वराला जायचं होतं, देऊळ लेण्यांपासून किलोमीटरभरच. तर त्यांना आणि नवऱ्याला तिकडं पाठवलं, आम्ही लेकरांसोबत झाडाखालीच थांबलो. दर्शन सगळ्यांनी मिळून झालं पाहिजे हा हट्ट त्या एका दिवशी सोडा. सोमवारी आणि श्रावणात तिथली रांग फार लांबते.

तीनला परत. लेकरं गाडीत झोपली. साडेपाचला घरी, नवा फ्रॉक, शेजारच्या चार पोरांना पेढा.

राहिलेलं थोडं

डिकीत हे असू द्या: कपड्यांचा एक जोड, जुना टॉवेल, उलटीसाठी कागदी पिशव्या, सतरंजी, टोप्या, बँडेज, आणि लेकराचं नेहमीचं ताप-उलटीचं औषध. गाडी लागणाऱ्या लेकराला दूध देऊन बसवू नका, लिंबू हुंगायला द्या.

भेटवस्तू सहलीत देऊ नका, हरवते. घरी आल्यावर द्या. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत वाटायच्या चॉकलेटचा पुडा आदल्या दिवशीच आणून फ्रिजवर ठेवा. रात्री साडेनऊला, पाय दुखत असताना, उघडं दुकान शोधत मी जुना जालना पालथा घातलाय.